साचलेले पाणी : तंजावरची मोरी आणि शिडाची नाव

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. बृहदीश्वराचे उत्तुंग विमान, सरस्वती महालातील पोथ्यांची कपाटे, व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात स्थापलेली आणि १८५५ पर्यंत टिकलेली भोसल्यांची गादी, आणि आपल्या खास वळणाची मराठी आजही घरात बोलणारी कुटुंबे. या चित्रांत स्वयंपाकघरातली मोरी कोठेच नसते. त्यात नवल नाही. मोरी जोपर्यंत आपले काम बिनबोभाट करते, तोपर्यंत तिची आठवण घरच्या माणसांनाही होत नाही. ज्या दिवशी भाताच्या पेजेचे पाणी तिच्यात घोटाभर उभे राहते आणि तासाभराने पाहावे तरी तेथेच असते, त्या दिवशी मात्र साऱ्या घराचे लक्ष तिच्याकडे वळते. मग कोणी काठी आणतो, कोणी उकळते पाणी ओततो, कोणी सोडा टाकतो. पाणी का थांबले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न आज आपण विचारणार आहोत. त्यासाठी मी तंजावरच्या मोरीबरोबर तिची एक दूरची बहीणही घेतली आहे. ती म्हणजे शिडाच्या नावेवरील छोट्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यासाठी बसवलेली कुंडी, जिला आता आपण सर्रास सिंक म्हणतो. सपाट भूमीवर वसलेले घर आणि पाण्यावर तरंगणारी नाव यांचा संबंध काय, असे श्रोत्यांना वाटेल. पण निचऱ्याच्या दृष्टीने ही दोन्ही घरे अगदी एका जातीची आहेत. दोघांनाही सांडपाणी जेथे सोडायचे, ते पाणी घराच्या जमिनीपेक्षा फारसे खाली नसते. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

प्रथम तंजावरची भूमी पाहू. हे शहर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याजवळ आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची शंभर मीटरही नाही, आणि पूर्वेकडील नागपट्टणमचा किनारा सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. म्हणजे येथून निघालेल्या पाण्याला समुद्र गाठेपर्यंत किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर उतार मिळतो. आपल्या कोकणातील नद्यांशी याची तुलना करून पाहा. सह्याद्रीवरून निघालेले पाणी पन्नास-साठ किलोमीटरांत कित्येक शे मीटर खाली उतरते आणि वाटेत कोणाचे ऐकत नाही. कावेरीच्या खोऱ्यातले पाणी तसे नाही. त्याला प्रत्येक वितीचा उतार हिशेबाने खर्चावा लागतो.

या हिशेबात थोडी चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण खुद्द कावेरीनेच घालून दिले आहे. तंजावरच्या पश्चिमेस श्रीरंगमच्या बेटापाशी नदीचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडचा कावेरी आणि उत्तरेकडचा कोल्लिडम. कोल्लिडमची समुद्राकडे जाणारी वाट जवळची आणि अधिक उताराची. त्यामुळे पाणी तिकडे ओढले जाऊ लागले. कावेरीच्या पात्रातला प्रवाह मंदावला, मंद प्रवाहाबरोबर आलेला गाळ तळाशी बसू लागला, गाळाने पात्र उंचावले आणि उंचावलेल्या पात्रात पाणी आणखी कमी येऊ लागले. तंजावरची भातशेती ज्या पाण्यावर उभी, तेच पाणी हातचे जाऊ लागले होते. अखेर १८३६ मध्ये आर्थर कॉटन या अभियंत्याने कोल्लिडमच्या तोंडावर बंधारा घालून पाण्याची पातळी उचलली, तेव्हा कावेरीला तिचा वाटा पुन्हा मिळाला. यातला क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उतार कमी झाला म्हणून वेग कमी झाला, आणि वेग कमी झाला म्हणून गाळ साचला. गाळ हा रोगाचा आरंभ नव्हता, परिणाम होता. तो नुसता उपसून भागले नसते.

तंजावरच्या जुन्या बांधकाम करणाऱ्यांना हे मर्म चांगले उमगले होते. १०१० मध्ये राजराज चोळाने पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या विस्तीर्ण प्रांगणात पावसाचे पाणी तुंबून राहू नये, ते वाहत जाऊन शेजारच्या शिवगंगा तळ्यात पडावे, अशी योजना आहे. पुढे नायक राजांच्या काळात सेवप्पा नायकाच्या नावाच्या तलावातून शिवगंगेत आणि तेथून गावातल्या विहिरींपर्यंत मातीच्या नळांनी पाणी नेले जाई. या भूमिगत नळांना जलसूत्र म्हणत. हे पाणी ढकलण्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते. एका टोकाची पातळी दुसऱ्या टोकापेक्षा किंचित वर, एवढ्याच भांडवलावर सारा व्यवहार चालत असे.

आता या शहरातल्या घराच्या मोरीकडे वळू. ईशान्येचा पाऊस येथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जोर धरतो. गटारे आणि ओढे तुडुंब भरतात. एरवी मोकळे असणारे मोरीचे बाहेरचे तोंड पाण्याखाली जाते. उन्हाळ्यात जी मोरी झरझर वाहत होती, ती मार्गशीर्षात रेंगाळू लागते. मोरीत नवीन काही अडकलेले नसते. बाहेरचे पाणी वर आले, एवढेच घडलेले असते. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतले अंतर, जे पाण्याला पुढे लोटीत होते, ते घटलेले असते.

हा नियम शास्त्राच्या भाषेत प्रथम मांडला तो गॅलिलिओचा अखेरच्या दिवसांतला सहकारी टोरिचेल्ली याने. त्याचा ग्रंथ १६४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे : भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, पण सरळ प्रमाणात नव्हे, तर त्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. उंची चौपट झाली तर वेग दुप्पट होतो, आणि उंची एक चतुर्थांश उरली तर वेग निम्मा. घर्षण बाजूला ठेवले तर ४० सेंटिमीटर उंचीला सेकंदास सुमारे २.८ मीटर वेग मिळतो आणि १० सेंटिमीटर उंचीला सुमारे १.४ मीटर. मोरीचे तोंड बुडालेले असेल तर ही उंची तोंडापासून मोजायची नाही. ती बाहेरच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची. नळी त्याखाली कितीही खोल गेली तरी त्या खोलीचा काडीइतका उपयोग नाही.

निचऱ्याला लागणारी ही पहिली गोष्ट, उतार. दुसरी गोष्ट, मोकळी वाट. नळीचा व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे जाईल, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात ते एक पंचमांशाहूनही कमी जाते, कारण वाट अरुंद झाली की कडांचे घर्षण प्रवाहाला फार जड जाते. नळीच्या आतल्या अंगाला बोटाच्या पेराएवढा तुपाचा, साबणाचा आणि पिठुळ पाण्याचा थर बसला, तर बाहेरून ती नळी पूर्वीइतकीच जाड दिसते, पण तिची शक्ती गेलेली असते.

तिसरी गोष्ट मात्र लोकांच्या ध्यानी क्वचितच येते. ती म्हणजे हवा. गोड्या तेलाचा सीलबंद डबा उघडताना वाणी त्याला एक भोक पाडीत नाही, समोरासमोर दोन पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक ठेवले तर तेल गचके खात येते. पाण्याने भरलेली अरुंद तोंडाची बाटली पालथी केली तरी हाच अनुभव येतो. बुडबुड असा आवाज करीत पाणी आणि हवा दारात एकमेकांची वाट अडवतात. तीच बाटली पालथी करून एक गरगर फेरा द्या. मध्ये हवेची नळी तयार होते आणि पाणी बऱ्याच लवकर निघून जाते. द्रव बाहेर जावयाचा तर त्याची जागा घ्यावयास हवा यावीच लागते. आणि नळीत हवा अडकून पडली असेल, तर तिला निघून जावयास वाट द्यावी लागते.

उतार, वाट आणि हवा. मोरी मंद झाली की या तिघांपैकी एक तरी कमी पडले आहे, असे निश्चित समजावे. कोणते कमी पडले हे न ओळखता केलेला उपाय बहुधा वाया जातो. घरात अशा चुकीची किंमत दुर्गंधी आणि डास. हत्तीरोगाचे जंतू डासांच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये दाखवले. हा रोग पसरवणारा क्यूलेक्स जातीचा डास साचलेल्या घाण पाण्यातच अंडी घालणे पसंत करतो. म्हणून तुंबलेली मोरी ही केवळ गृहिणीची गैरसोय नाही. नावेवर मात्र याच चुकीची किंमत याहून मोठी असू शकते.

कावेरीचे पाणी ज्या वाटेने समुद्राला जाते, त्याच वाटेने आपणही आता किनाऱ्यावर जाऊ. तंजावरचा समुद्राशी संबंध जुना आहे. १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोळाचे आरमार समुद्र ओलांडून श्रीविजयाच्या राज्यावर चालून गेले होते. आणि नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ सरफोजी राजांनी १८१४-१५ मध्ये मनोरा नावाची षट्कोनी, अनेक मजली वास्तू बांधली, ती राजधानीत नव्हे, तर पट्टुक्कोट्टईच्या पलीकडे, समुद्रकाठी. त्या किनाऱ्यावरून शिडे दिसत असतील. त्या गलबतांवर सिंक नव्हते. खलाशी भांडी बाहेरच धूत आणि पाणी कठड्यावरून टाकून देत. लांबच्या सफरीच्या आधुनिक नावांवर स्वयंपाकघर आत गेले आणि त्याबरोबर निचऱ्याचा प्रश्नही आत गेला. मराठी श्रोत्यांना अशा नावेचे उदाहरण हवे असेल तर गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’चे घ्यावे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती करणारे ते पहिले भारतीय ठरले. अशा सफरीत महिनोन्महिने घर म्हणजे तीच नाव, आणि मोरी म्हणजे तेच सिंक.

या सिंकची रचना साधी असते. कुंडीच्या तळातून एक रबरी नळी निघते आणि नावेच्या अंगाला, पाणरेषेच्या खाली पाडलेल्या एका भोकाला जाऊन मिळते. त्या भोकावर एक मजबूत चावी असते. तिला सीकॉक म्हणतात. चावी उघडी असली की समुद्राचे पाणी नळीत शिरते आणि बाहेरच्या समुद्राइतक्याच पातळीवर उभे राहते. म्हणजे ही मोरी बाराही महिने तंजावरच्या मार्गशीर्षातली मोरी आहे. तिचे तोंड कायमचे बुडालेले. कुंडीतल्या पाण्याला लोटणारी शक्ती म्हणजे कुंडीतली पातळी आणि समुद्राची पातळी यांतला फरक, आणि तो कित्येक नावांवर वीतभरच असतो.

या वीतभर भांडवलालाही वाटेकरी असतात. पहिला वाटेकरी सामान. नवी नाव पाण्यात उतरते तेव्हा रिकामी असते. सफरीपूर्वी तीत गोड्या पाण्याच्या टाक्या, धान्य, इंधन, दोरखंड आणि नांगर चढतात. नाव काही सेंटिमीटर खाली बसते आणि तेवढी उंची सिंकच्या खात्यातून वजा होते. बंदरात ठीक चालणारे सिंक प्रवासात रडू लागते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरा वाटेकरी वारा. शिडात वारा भरला की नाव एका कुशीवर झुकते. सिंक नावेच्या मध्यरेषेवर असेल तर त्याला फारशी झळ लागत नाही. पण ते मध्यापासून एक मीटर बाजूला असेल आणि नाव त्याच बाजूस २० अंश झुकली, तर ते सुमारे ३४ सेंटिमीटर खाली जाते. कुंडीचा तळ पाणरेषेपासून ३० सेंटिमीटर वर होता असे धरले, तर आता तो समुद्राच्या पातळीच्याही चार सेंटिमीटर खाली गेला. अशा वेळी पाणी बाहेर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. समुद्रच कुंडीत येतो. नाव दुसऱ्या बाजूस झुकली की तेच सिंक उत्तम वाहते. एका बाजूच्या वाऱ्यावर वाहणारे आणि दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यावर भरणारे सिंक पाहून त्यात काही अडकले आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे भरती पाहून खाडी तुंबली म्हणण्यासारखे आहे.

मग दोष ओळखायचा कसा? नाव बंदरात, स्थिर आणि सरळ असताना कुंडीत मोजून पाच लिटर पाणी भरावे, बूच काढावे आणि घड्याळ पाहावे. पाणी आरंभी भरभर गेले आणि शेवटचे चार बोटे पाणी रेंगाळले, तर उंची अपुरी आहे. आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच संथपणे, निमूटपणे गेले, तर वाट अरुंद झाली आहे. गचके खात, बुडबुड करीत गेले, किंवा शेजारच्या दुसऱ्या कुंडीत वर आले, तर हवेचा अडथळा आहे. हे निदान अचूक वैद्याचे नव्हे, पण घरगुती नाडीपरीक्षेइतके भरवशाचे खास आहे.

वाट अरुंद असेल तर उपाय सोपा. प्रथम चावी बंद करावी, मग नळी सोडवावी. थंड समुद्राच्या पाण्याने वेढलेल्या नळीत स्निग्ध पदार्थ घरापेक्षा लवकर गोठतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. तंजावरच्या उन्हाळ्यात ते बरणीतही पातळ राहील, पण दक्षिणेच्या थंड समुद्रात सांबाराची फोडणी नळीच्या भिंतीवर मेणासारखी बसेल. खाऱ्या पाण्यात साबणही नीट विरघळत नाही. त्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट पांढरा साका तयार करतात. ही नळी बाहेर काढून लांब दांड्याच्या ब्रशाने घासावी, आणि फारच माखलेली असेल तर बदलावी. नवी नळी आतून गुळगुळीत घ्यावी. वळ्यावळ्यांची नळी वाकवायला सोपी असते, पण प्रत्येक वळीत घाण घर करते. नाव बराच काळ बंदरात उभी असेल तर बाहेरचे भोकही तपासावे. खडकांना चिकटून वाढणारे कवचधारी जीव त्या भोकाच्या काठावरही वस्ती करतात. दाहक सोडा मात्र टाळावा. तो पाण्याशी मिळताच तापतो, डोळ्यांना घातक असतो आणि ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो. हलत्या नावेत तो हाताळणे धोक्याचे.

हवेचा अडथळा असेल तर नळीची वाट पाहावी. ती कोठे झोळीसारखी लोंबली आहे आणि कोठे उंटाच्या पाठीसारखी उंचावली आहे? झोळीत घाण बसते आणि उंचवट्यात हवा अडकते. नळी आखूड करून, आधार देऊन, अखंड उतरत्या वाटेने नेली की कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. दोन कुंड्यांच्या नळ्या एकत्र येत असतील तर त्यांचा सांधा शक्य तितका खाली घ्यावा, आणि जरूर तर हवा निघून जाण्यासाठी एक बारीक नळी पाणरेषेच्या पुष्कळ वर नेऊन मोकळी सोडावी. तेलाच्या डब्याचे हेच ते दुसरे भोक.

उंची अपुरी असेल तर मात्र ब्रश, रबरी वाटी, उकळते पाणी, सारे व्यर्थ. तेथे दोनच मार्ग उरतात. एक, उंची मिळवावी. म्हणजे कमी खोलीची कुंडी घ्यावी, ती वर उचलून बसवावी, नाव बांधतानाच तिला मध्यरेषेजवळ जागा द्यावी. दुसरा, पंप लावावा. कुंडीचे पाणी खालच्या लहान पेटीत पडू द्यावे आणि तेथून हाताच्या अगर विजेच्या पंपाने बाहेर टाकावे. पण पंपाच्या नळीचे तोंड पाण्याखाली असेल तर ती नळी आधी पाणरेषेच्या बरीच वर नेऊन मग खाली आणावी, आणि माथ्यावर हवा आत घेणारी झडप बसवावी. नाही तर पंप थांबताच तीच नळी वक्रनलिका होते आणि बाहेरचा समुद्र उलट आत ओढते.

आता ज्या मोठ्या किमतीचा मी मघाशी उल्लेख केला, तिच्याकडे येऊ. सिंक मंद झाले म्हणून वैतागलेला माणूस तारेचे टोक नळीत खुपसतो, किंवा जोराचा दाब देतो. नळी जुनी असते, सांध्यावरचा धातूचा पट्टा गंजलेला असतो. सांधा निसटतो. चावी उघडी असते. नावेच्या तळाशी पाणरेषेखाली ६० सेंटिमीटरवर ४ सेंटिमीटर व्यासाचे भोक अशा तऱ्हेने मोकळे झाले, तर टोरिचेल्लीचाच नियम आता उलट दिशेने चालू होतो. सर्व घट धरूनही मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत येते. तासाला सुमारे नऊ टन. कुंडी रिकामी करताना जो नियम इतका कंजूष वाटत होता, तो नाव भरताना असा उदार होतो. म्हणून जाणते नावाडी पाणरेषेखालच्या प्रत्येक सांध्याला एकाऐवजी दोन पट्टे आवळतात, प्रत्येक चावी अधूनमधून फिरवून मोकळी ठेवतात, भर वाऱ्यात आणि नाव सोडून जाताना ती बंद करतात, आणि प्रत्येक चावीशेजारी त्या भोकाच्या मापाचे निमुळते लाकडी बूच दोरीने बांधून ठेवतात. चावी तुटली तर ते बूच ठोकून बसवायचे. काही आण्यांच्या मोलाचे लाकूड, पण त्या घटकेला साऱ्या नावेचे मोल त्याच्यावर येऊन ठेपते.

म्हणून नावेवर सिंकला हात लावण्यापूर्वीचा पहिला नियम एकच : चावी बंद. दुसरा नियम, जो घरालाही लागू आहे, तो असा की, आधी पातळी मोजावी आणि मग घाण शोधावी. मोजपट्टीने पाच मिनिटांत कळणारी गोष्ट पुष्कळदा सोड्याच्या दहा पुड्यांनी कळत नाही. घरात मार्गशीर्षात मोरी मंद झाली तर बाहेरचे गटार किती भरले आहे ते प्रथम पाहावे. ते वरपर्यंत आले असेल, तर दोष मोरीत नाही, गल्लीत आहे, आणि त्याचा उपाय एकट्या घराने होणार नाही. तो साऱ्या गल्लीने मिळून नगरपालिकेकडून करून घ्यावा लागेल. ते गटार उपसायला कोणा माणसाला उघड्या अंगाने आत उतरवणे हा मात्र उपाय नव्हे. अशा जीवघेण्या कामाला माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे, आणि कायदा नसता तरी माणुसकीने केलीच असती.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी एक जुना आडाखा सांगून थांबतो. चार इंची नळाला ४० फुटांत एक फूट उतार, सहा इंची नळाला ६० फुटांत एक फूट. हा उतार भिंती उभ्या राहण्यापूर्वी मिळवावा लागतो, मागाहून मिळत नाही. जोत्याची उंची ठरवताना दिवाणखान्यातून रस्ता कसा दिसेल याचा विचार सगळे करतात. त्याच वेळी मोरीचे पाणी भर पावसात कोठे पडेल आणि तेथली पातळी तेव्हा किती असेल, एवढे विचारून घ्यावे. मग त्या घरातल्या मुलामाणसांना पुढची पन्नास वर्षे मोरीची आठवण होण्याचे कारण पडणार नाही.